एका हाकेवर

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून आधी घाबरलोच. गेल्या एप्रिलपासून आपलं बोलणं बंद. ऑक्टोबरात आईला शेवटचं पोचवायला आलीस, तेव्हाही माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. त्यामुळे वाटलं, आता कपाटाची, भांड्यांची वाटणी निघाली. उघडून बघतो तर तुला कपाट नको, भांडी नकोत, आईची शालसुद्धा नको. फक्त मुकादम हवा. ‘तिचा आवाज त्याच्याजवळ आहे,’ असं लिहिलं आहेस.

आहे खरा. म्हणजे होता. त्या करड्या पोपटाला मुकादम हे नाव आईनेच दिलं, कारण तो दिवसभर दुसऱ्यांना कामं सांगायचा आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायचा नाही. ‘दार लाव, मांजर येईल.’ ‘ठमाबाई बंद केलीस का?’ माझ्याकडे शिवायला कपडे टाकायला येणाऱ्यांना वाटायचं, आत कोणी ठमाबाई राहते आणि तिचा काहीतरी आजार आहे. पाणी तापवायच्या टाकीला आपल्या घरात ठमाबाई म्हणतात हे त्यांना कुठून कळणार? फ्रिजला ढोल्या, इस्त्रीला रागीट, आणि कोणाचं बिल आलं की ‘पाहुणे आले’. हे शब्द कळणारी आता जगात आपण दोघंच राहिलो.

पण ताई, मुकादम गेला. डिसेंबरात थंडी फार पडली होती. दोन दिवस खाल्लं नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. बुटाच्या खोक्यात घालून मागच्या अंगणात झाडाखाली पुरला. एका कोटाचं निळं अस्तर उरलं होतं, त्यात गुंडाळला. तुला कळवायला हवं होतं, पण आईच्या पाठोपाठ ही बातमी कोणत्या तोंडाने देणार?

त्याऐवजी आईचा बटणांचा डबा पाठवू का? लहानपणी आपण त्यातली बटणं आकारानुसार लावत बसायचो, तोच.

धाकटा


१९ मार्च

ताई,

तू खालच्या बेकरीवाल्या मावशींना फोन केलास. त्यांनी तुला सांगितलं की मुकादम रोज सकाळी साडेसातला ओरडतो आणि त्यांच्या पावाच्या भट्टीची घंटा हुबेहूब वाजवतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे तर कोंबडंही नाही, पोपट आहे, आणि तो झाकला की जास्तच बोलतो.

निळ्या अस्तरासकट सगळं खोटं होतं. मी तोंडघशी पडलो, आणि ते माझ्याच हाताने. मेलेल्या पोपटासाठी तू रडलीस, असं मावशी म्हणाल्या. त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही. लाज वाटते, एवढंच लिहितो.

पण मी असं का केलं तेही ऐक. तो म्हातारा झालाय. छातीवरची पिसं उपटतो. तुझ्या गावापर्यंतचा प्रवास आठ-नऊ तासांचा, वाटेत काही झालं तर तू मलाच बोल लावशील. दुसरं म्हणजे तो आता बोलत नाही. घंटा वाजवतो, माझ्या मशीनचा आवाज काढतो, बस. तू आईच्या आवाजासाठी त्याला न्यायचीस आणि तो तुझ्या घरात शिलाई मशीन चालवत बसायचा. म्हणून वाटलं, गेला म्हणून सांगितलेलं बरं.

मी फोन का उचलत नाही, असं विचारलं आहेस. कामात असतो. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश येतात, माहीत आहे तुला.

शिवाय घर सोडायचं आहे. भाडेपावती आईच्या नावावर होती, तीही पस्तीस वर्षांपूर्वीच्या भाड्याची. आता घरमालक म्हणतात, नवीन करार करा, नवीन भाडं भरा. ते भाडं मला या जन्मी परवडणार नाही. मेअखेर एका दुकानामागच्या खोलीत जाणार आहे. मशीन मावेल, मी मावेन.

हो, मला ठाऊक आहे, हे वाचून तुझ्या मनात काय येईल ते. गेल्या एप्रिलमध्ये तू आईला न्यायला आली होतीस. तू म्हणत होतीस, तुझ्याकडे तळमजला, ऊन, दोन माणसं हाताशी. आणि मी दारात आडवा उभा राहिलो. तू तोंडावर म्हणालीस की मला आई नकोय, आईच्या नावाची पावती हवीय. त्यावर मी जे बोललो ते अख्ख्या जिन्याने ऐकलं असेल: आई माझ्याकडे सुखात आहे, मी एका हाकेवर आहे, तुझ्याकडे तिला हाक मारायला तरी कोण असणार, दिवसभर घराला कुलूप.

तिकडे बसून तुला बोलायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आजही थोडं वाटतं.

धाकटा


२४ मार्च

ताई,

भावजींना गाडी घेऊन पाठवू नकोस. मुकादम आता माझ्याकडे नाही. हे खरं आहे, मावशींना विचार.

नव्या खोलीच्या मालकिणीची अट आहे, कुत्रा-मांजर-पक्षी काही चालणार नाही. म्हणून कालच नाक्यावरच्या न्हाव्याला दिला. दुकानात दिवसभर माणसांची ये-जा असते, पोपटाचं मन रमेल.

तुला का नाही दिला, हे विचारू नकोस.

धाकटा


६ एप्रिल

ताई,

न्हाव्याने मुकादमाला परत आणलं.

आज रविवार, त्याचा गर्दीचा दिवस. तरी दुकान सोडून, पिंजरा दोन्ही हातांत धरून तीन जिने चढून आला. मला वाटलं, घाण करतो म्हणून तक्रार असेल. त्याने पिंजरा कापायच्या टेबलावर ठेवला, माझ्या खुर्चीवर बसला आणि आपली नखं बघत राहिला. 

मग त्याने सांगितलं ते असं. पहिले दोन दिवस मुकादम गप्प होता. तिसऱ्या दिवसापासून सुरू झाला. आधी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, अगदी मऊ: ‘येतोस का रे जरा?’ मग लगेच पुरुषाचा आवाज, घाईतला: ‘आलो, आलो!’ थोडा वेळ शांत. पुन्हा ‘येतोस का रे जरा?’ पुन्हा ‘आलो, आलो!’ दुकानात नुसता हशा. गिऱ्हाइकं मुद्दाम थांबून ऐकायची. पोरं दाराशी जमायची आणि ‘आलो, आलो’ करत पळायची. न्हावी म्हणाला, आठवडाभर धंदा चांगला झाला.

काल एक निवृत्त मास्तर दाढीला बसले होते. अर्ध्या गालाला फेस. पोपटाचं तीन-चारदा ऐकून झाल्यावर त्यांनी न्हाव्याचा हात धरून थांबवला आणि विचारलं, “मग तो जातो का?”

न्हावी म्हणाला, कोण?

“तो ‘आलो आलो’ म्हणणारा. हाक तर परत येतेच आहे.”

त्यानंतर दुकानात कोणी हसलं नाही, असं न्हावी म्हणाला. मास्तरांची दाढी पुरी केली आणि पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, तर आतून जास्तच यायला लागलं. उठता उठता त्याने मला विचारलं, “तो ‘आलो’वाला आवाज तुमचाच ना?” त्याच्या दोन पँटी माझ्याकडे महिनाभर पडल्या होत्या. रोज मी त्याला ‘उद्या देतो’ म्हणतो. माझा आवाज त्याला पाठ आहे. मी हो म्हणालो. त्याने त्या पँटी उचलल्या, तशाच, न शिवलेल्या, आणि गेला.

आता लपवण्यासारखं फारसं उरलं नाही. मुकादम बोलतो, ताई. मी खोटं सांगितलं होतं. आईच्या आवाजात बोलतो आणि इतकं खरं बोलतो की आई गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोनदा मशीन सोडून तिच्या खोलीत गेलो होतो. ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा तो घरात का नव्हता, हे तू विचारलं नाहीस. मी त्याला खाली मावशींच्या कोठीत ठेवलं होतं. माणसं येणार, त्याला त्रास होईल, असं त्यांना सांगितलं. फोनही त्याच्यामुळेच उचलत नव्हतो. तू पलीकडे असताना मागून तो सुरू झाला असता तर?

तुला माहीत आहे, शिंप्याला ‘उद्या’ची सवय असते. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, आणि आज द्यायचं जमत नाही, मग ‘उद्या’. त्यात खोटं बोलतोय असं वाटतही नाही, तोंडातून आपोआप येतं. आईला मी तसंच ‘आलो’ म्हणायचो. ती आतल्या खोलीत, मी पुढच्या खोलीत, मध्ये बोळ, बोळात मुकादम. ती हाक मारायची, मी मान वर न करता ‘आलो, आलो’ म्हणायचो आणि पायडल मारायचो. एवढी टीप संपू दे, एवढी चेन बसू दे. कधी जायचो. नाही असं नाही. पण मी किती वेळा जायचो, ते सांग असं तू म्हणू नकोस, कारण मी वाढवूनच सांगेन.

पोपट एकदा ऐकून काही शिकत नाही. ‘ठमाबाई बंद केलीस का’ शिकायला त्याला वर्ष लागलं होतं. तेच ते, त्याच सुरात, रोज कानावर पडावं लागतं.

धाकटा


१४ एप्रिल

ताई,

तुझ्या पत्रात दोनच शब्द होते. ‘अजून काय?’

लहानपणी मी येऊन सांगायचो की माझ्या हातून बरणी फुटली, तेव्हा तू अशीच बघायचीस आणि हेच विचारायचीस. बरणीच्या आधी काहीतरी फुटलेलं असायचंच. आई फसायची, तू कधी फसली नाहीस.

हो, अजून आहे. मुकादम तीन वाक्यं म्हणतो. मी तुला दोनच लिहिली. न्हाव्याने तिन्ही ऐकली होती, पण तिसरं त्याने माझ्यासमोर उच्चारलं नाही, माणूस भला आहे.

‘येतोस का रे जरा?’

‘आलो, आलो!’

मग मध्ये तो थांबतो. बराच थांबतो, मनातल्या मनात पन्नास मोजून होतील इतका. मग आईच्या आवाजात, कसलाही राग नसलेल्या आवाजात म्हणतो, ‘राहू दे. मीच उठते.’

बावीस सप्टेंबरला आई पडली, तेव्हा मी दोरे आणायला बाजारात गेलो होतो, असं मी भावजींकडून तुला कळवलं. डॉक्टरांना सांगितलं, मावशींना सांगितलं. आईसमोर सांगितलं, तिच्या खाटेशी उभं राहून, आणि तिने मान हलवली. हो, तो नव्हता, माझाच पाय घसरला, असं म्हणाली.

मी घरात होतो. दुपारचे चार वाजले होते. एका वकिलाच्या काळ्या कोटाला नवीन अस्तर लावत होतो. तिने हाक मारली, मी ‘आलो’ म्हणालो. पुन्हा हाक मारली, पुन्हा म्हणालो. मग तिने ते तिसरं वाक्य म्हटलं असणार. मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते वाक्य माझ्या कानांना इतकं सवयीचं झालं होतं की ते मला ऐकूच येत नव्हतं. पडल्याचा आवाज ऐकू आला. तेव्हा मात्र मी धावलो.

तो कोट ती दवाखान्यात होती तेवढे अकरा दिवस खुंटीवर लटकत होता. वकिलाला कसलीही घाई नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी तुला काय हवं होतं? माझ्या मनात पाणी होतं, औषध होतं, डोळ्यावर येणारं ऊन होतं. ती म्हणाली, “काही नव्हतं रे. असंच. दुपार सरत नव्हती.”

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायचं नव्हतं म्हणून एक जिवंत पोपट मारला, मग मुका केला, मग न्हाव्याच्या गळ्यात बांधला. आणि तुझ्यापासून त्याला लपवताना मी मनाशी म्हणायचो की ताईला त्रास नको. काय पण भावाची माया.

भाड्याबद्दल तू बोललीस ते खरं होतं. तुझ्या घरी गेली असती तर पावती गेली असती, पावती गेली असती तर घर. एवढाच हिशेब होता माझा, त्याला मी प्रेम म्हणत होतो. प्रेम नव्हतंच असंही नाही. पण दारात आडवा उभा राहिलो तो प्रेमाने नाही. तू गेलीस त्याच दिवशी संध्याकाळी बघतो तर तिने तिची कापडी पिशवी भरून ठेवली होती, तीत दोन साड्या, चष्म्याची डबी आणि कंगवा. तू परत वर येशील असं तिला वाटलं असावं. मी पिशवी रिकामी केली आणि सगळं जागच्या जागी ठेवलं. तिने ते बघितलं.

आता तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. मी फोन उचलेन.

धाकटा


२९ एप्रिल

ताई,

तू फोन केला नाहीस. भावजींचा आला. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले, पिंजरा तयार ठेव. तू मागे उभी होतीस, तुझ्या बांगड्यांचा आवाज आला.

पिंजरा धुऊन ठेवला आहे. त्याचं खाणं वेगळ्या पिशवीत आहे. वाटाणे सोललेलेच लागतात, नाहीतर फेकतो. अंघोळ हवी असली की पाण्याच्या वाटीत चोच आपटतो. पाठीवर हात लावू देत नाही, मान खाजवून घेतो. झाकू नकोस, मी फार झाकला. बटणांचा डबाही देतो आहे, तो तू मागितला नव्हतास तरी.

तुला वाटेल मी सुटका करून घेतोय. महिन्यापूर्वी तेच करत होतो. आता तसं राहिलेलं नाही. न्हाव्याने त्याला परत आणल्यापासून मी एक करतो. त्याने हाक मारली की उठतो. मशीन थांबवतो, टीप अर्धी राहिली तर राहिली, आणि बोळात जाऊन पिंजऱ्यासमोर उभा राहतो. पहिल्या दिवशी सव्वीस वेळा उठलो. एक झगा दोन दिवस उशिरा गेला आणि गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं. पाय दुखले. तेव्हा कळलं, हे एवढंसं होतं. बोळ पाच पावलांचा आहे, मी मोजला.

मी गेलो की तो गोंधळतो. आधी ‘आलो, आलो’ म्हणतो, माझ्याच तोंडावर, माझ्याच आवाजात. मग मी समोर उभा असतानासुद्धा ते तिसरं वाक्य म्हणतो.

मी एका गोष्टीची वाट बघत होतो, ती तुलाच सांगता येईल. आठवतं, आपण कुठूनही आलो की आई काय म्हणायची? शाळेतून, खेळून, अगदी कोपऱ्यावरून पाव घेऊन आलो तरी. ‘आलास? बस जरा.’ तुला ‘आलीस? बस जरा.’ मला वाटलं, मी रोज जाऊन उभा राहिलो, तर कधीतरी त्याच्या तोंडून ते निघेल. शेवटी आईबरोबरच राहिलाय तो, त्याला येत असणारच. मी तीन आठवडे उभा राहिलो. स्वतः म्हणून दाखवलं नाही, ती चोरी झाली असती.

त्याला ते येत नाही, ताई. मांजर येतं, ठमाबाई येते, भट्टीची घंटा येते. ‘आलास? बस जरा’ येत नाही. त्याने ते पुरेसं ऐकलेलंच नाही.

शनिवारी तो गेला की मला हाक मारणारं कोणी उरणार नाही. ते बरोबरच आहे. तुला आईचा आवाज हवा होता, तो तुझाच आहे, पण त्याच्याबरोबर माझाही ऐकावा लागेल, त्याला मधलं गाळता येत नाही. सवयीने कदाचित कमी होईल. तुझ्या घरातले शब्द ऐकून माझा आवाज तो विसरला, तर मला कळव. विसरला नाही तर कळवू नकोस.

एवढंच मागणं आहे. तू कामात असशील, हात पिठात असतील, फोनवर असशील, आणि तो हाक मारेल. तेव्हा आतून ‘आले, आले’ म्हणू नकोस. हात तसेच राहू देत. उठ आणि जा.

धाकटा